सम्राटाची मुद्रा आणि उडून गेलेले जस्त

रोमन साम्राज्यातील बहुसंख्य प्रजेने आपला सम्राट पाहिला तो नाण्यावरच. इ.स.पू. २३च्या सुमारास ऑगस्टसने नाणेपद्धतीची पुनर्रचना केली. त्यानुसार सुमारे २५ ग्रॅम वजनाचा सेस्टर्टियस पितळेचा, तर त्याच्या चतुर्थांश मोलाचा ‘आस’ तांब्याचा ठरला. सवयीने आपण या सर्वांना कांस्य नाणी म्हणतो. सेस्टर्टियसच्या रुंद पृष्ठभागावर सत्तेने पुढे स्वतःचे चित्र रेखाटले. नीरोच्या नाण्यांवर ओस्टियाचे बंदर आणि शांततेची ग्वाही देणारी जानस मंदिराची बंद द्वारे आहेत. व्हेस्पेशियनच्या नाण्यावर खजुराच्या झाडाखाली शोकमग्न बसलेली पराभूत ज्यूडिया आहे, तर टायटसच्या नाण्यावर कलोसियम.

चित्रांतले हे वैभव धातूत मात्र टिकलेले दिसत नाही. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि तांबे १०८५ अंशांना वितळते. म्हणून रोमन कारागीर तांबे, जस्ताचे खनिज व कोळसा बंद मुशीत तापवीत आणि जस्ताची वाफ तांब्यात मुरवीत. असे पितळ पुन्हा वितळवले की प्रत्येक वेळी थोडे जस्त उडून जाते. ऑगस्टसच्या काळी सेस्टर्टियसमध्ये वीस टक्क्यांहून अधिक असलेले जस्त पुढील दोन शतकांत घटत गेले आणि तिसऱ्या शतकात जवळजवळ नाहीसे झाले. जुनी नाणी वितळवून, त्यांत कथिल व शिसे मिसळून नवी पाडल्याची ही खूण होय. नाण्यावर विजयदेवता मात्र पूर्वीच्याच दिमाखात उभी होती.

हे मोजताना फसगत होऊ शकते. क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धतीत तांबे व जस्त यांचे संकेत मुख्यतः पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून येतात आणि नेमक्या त्याच थरातले जस्त मातीने शतकानुशतके शोषलेले असते. वरवरच्या मोजणीवर विसंबल्यास टांकसाळीवर नसता आळ येईल. खोलवर शिरणारे न्यूट्रॉन नाणे न कापता आतील धातूचा अंदाज देतात.

तमिळनाडूत करूर व मदुराई परिसरात उत्तरकालीन रोमन साम्राज्याची लहान ताम्रनाणी सापडली आहेत. असे नाणे कोणाच्या हाती आले, तर ते चिंचेने घासून लखलखीत करू नये. त्या घासण्यात झिजलेली मुद्रा तर जातेच, पण मातीशी झालेल्या व्यवहाराचा पुरावाही धुऊन जातो. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. तेवढे केले आणि नाणे होते तसेच ठेवले, तरी इतिहासाचे मोठे काम होईल.