खैरलांजीची वार्ता आणि वाचलेल्यांची साक्ष

सामूहिक हत्येचा इतिहास लिहिताना किती माणसे मारली गेली, हे प्रथम विचारले जाते. ती वार्ता समाजापर्यंत केव्हा व कोणत्या नावाने पोहोचली, हे क्वचितच विचारले जाते. आमच्या मते हा दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. कारण घटनेला आरंभी जे नाव चिकटते ते सहसा सुटत नाही.

एप्रिल १९४४ मध्ये रुडॉल्फ व्हर्बा व आल्फ्रेड वेट्झलर हे दोन ज्यू कैदी आउश्वित्झच्या छळछावणीतून निसटले व त्यांनी तेथील संहाराचे तपशीलवार निवेदन दिले. त्यातील मजकूर वृत्तपत्रांत येण्यास जून उजाडला. मे ते जुलै या काळात हंगेरीतील चार लाखांहून अधिक ज्यूंना गाड्यांत कोंबून नेण्यात आले. त्यांतील बहुतेकांना त्याच छावणीत नेले गेले. साक्ष होती, ती वेळेवर लोकांपुढे आली नाही.

कायद्याच्या व्याख्येत खैरलांजीचे हत्याकांड वंशसंहार ठरणार नाही. परंतु तेथील साक्षीची वाट अशीच अडविली गेली. भंडारा जिल्ह्यातील या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील चौघांना जमावाने ठार मारले. कुटुंबातील स्त्रियांनी एका मारहाण प्रकरणात आरोपींना ओळखले होते. ते जामिनावर सुटताच त्याच सायंकाळी हा हल्ला झाला. म्हणजे साक्ष देणे हाच त्यांचा अपराध ठरला. भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले.

तिसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, विजयादशमी होती. धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त शेजारच्याच नागपुरात दीक्षाभूमीवर लाखो बांधव जमले होते. त्या जनसागरात ही वार्ता पसरली नाही! स्थानिक वृत्तपत्रांनी तिला अनैतिक संबंधांचा रंग दिला होता. कार्यकर्ते व सत्यशोधन समित्या गावी गेल्या, भैयालाल यांचे म्हणणे त्यांनी नोंदविले, तेव्हा खरे स्वरूप उघड होऊ लागले. मोठ्या इंग्रजी दैनिकात सविस्तर वृत्त येण्यास ऑक्टोबरअखेर उजाडली.

मानपाडा, डोंबिवली, कल्याण या आमच्या पट्ट्यातील वाचकांस याची दुसरी बाजू स्मरत असेल. कानपूर येथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर, खैरलांजीचा संताप धुमसत असतानाच, ३० नोव्हेंबर २००६ रोजी उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीन जाळण्यात आली. जाळपोळीचे आम्ही समर्थन करीत नाही. परंतु जळत्या गाडीची बातमी त्याच दिवशी देशभर गेली. चार माणसांच्या मृत्यूस महिना लागला, ही गोष्ट विसरता येत नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सूडाचेच कारण ग्राह्य धरले व फाशीची शिक्षा रद्द करून जन्मठेप दिली. २० जानेवारी २०१७ रोजी भैयालाल यांचे निधन झाले.

महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी आपल्या लोकांवर हल्ला झाला आणि ३ एप्रिलला बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. आपली हकीकत आपणच सांगावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून प्रत्येक विहारात एक नोंदवही असावी, असे आम्ही सुचवितो. अत्याचाराची वार्ता येताच तारीख, स्थळ व वाचलेल्या माणसाचे शब्द पडताळून त्याच दिवशी तीत लिहावेत. नाव इतरांनी ठेवण्यापूर्वी साक्ष नोंदली गेली पाहिजे.