पावसांतील मुक्काम व तंबूची निवड

मराठ्यांच्या लष्करी इतिहासांत किल्ल्यांवर पुष्कळ लिहिलें गेलें, घोड्यांवर व शस्त्रांवरहि लिहिलें गेलें. तंबूकडे मात्र लक्ष कमीच गेलें. वास्तविक जें सैन्य वर्षांतून आठ महिने उघड्यावर वावरावयाचें, त्याला डोक्यावरच्या कापडाचा विचार तलवारीइतकाच करावा लागतो. भर उन्हांत दोन घटका विसावा घ्यावयाचा असो, कीं वळवाची सर येतांच दारूगोळा झांकावयाचा असो. कापड कोणतें, खांब किती, मेखा कोठें ठोकावयाच्या, ह्या गोष्टी चुकल्या म्हणजे माणसें, जनावरें व धान्य हीं तिन्ही हातचीं जातात. सतराव्या शतकाच्या अखेरीस सह्याद्रीच्या कुशींत ही चूक एका बादशहानें केली, आणि तिचें प्रायश्चित्त त्याच्या लष्करानें भोगलें.

मोंगलांचा तंबू हा मुळांत निवाऱ्याकरितां नव्हताच; तो दरबाराकरितां होता. अबुल फझलानें 'आईन-इ-अकबरी'त जें वर्णन दिलें आहे तें वाचून आजहि मति गुंग होते. मोठी बारगाह उभारली म्हणजे तींत दहा हजारांहून अधिक माणसें मावत, आणि ती उभी करण्यास एक हजार फरास यंत्रांच्या साहाय्यानें आठवडाभर खपत. बादशाही मुक्कामाचें सारें सामान वाहण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे व १०० हमाल लागत. त्याच यादींत 'चोबीन रावटी' म्हणून एक प्रकार आहे. ती दहा लाकडी खांबांवर उभी राही. मराठींत हाच शब्द 'राहुटी' ह्या रूपानें रुळला, परंतु इकडे येतांना त्याचे खांब गळाले. मराठी राहुटी म्हणजे दोन खांब, वर एक आडवी दांडी, तीवर टाकलेलें जाडेंभरडें कापड व दोन्ही अंगांस ताणलेल्या दोऱ्या. शब्द एकच, पण वस्तूंत दिल्ली आणि देश ह्यांमधील सारें अंतर उतरलें आहे.

फ्रेंच वैद्य बर्निए हा १६६४ च्या अखेरीस औरंगजेबाच्या लष्कराबरोबर दिल्लीहून काश्मीरकडे निघाला. बादशहाजवळ तंबूंचे दोन पूर्ण संच असत. बादशहा एका संचांत राहत असतां दुसरा एक मजल पुढें जाऊन उभा राही. ह्यालाच पेशखाना म्हणत. एका पेशखान्यास साठांहून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेंचरें व १०० हमाल लागत, असें बर्निए लिहितो. बाहेरून तांबडें मजबूत कापड, आंतून मच्छलीपट्टणचें हातानें रंगविलेलें चीट. कोरड्या हवेंत व सपाट मुलखांत ही व्यवस्था खरोखर नामी होती. पुढें भिंबर येथें डोंगराचा पायथा लागल्यावर मात्र औरंगजेबानें लष्कराचा मोठा भाग मागेंच ठेवला व थोडक्या लोकांनिशीं तो घाट चढला. म्हणजे डोंगरांत मोठा लवाजमा नेऊं नये हें त्याला कळत नव्हतें, असें म्हणण्यास जागा नाहीं.

आतां पावसांत कापडाचें काय होतें तें पाहूं. सुती कापड भिजलें कीं त्याचे तंतु फुगतात, वीण घट्ट होते आणि छपराला उतार चांगला असेल तर पाणी बाहेरच्या बाहेर वाहून जातें. परंतु आंतून त्याला बोट जरी लागलें, तरी त्याच जागीं ठिबका सुरू होतो. म्हणून पावसाळी तंबूचें छप्पर उभट हवें. सपाट छपराच्या शामियान्यांत पाण्याची पखाल सांठते व अखेरीस ती फाटते. दोऱ्यांचें तर ह्याहून विचित्र. सुताची वा तागाची दोरी भिजली म्हणजे लांबीनें आंखडते. कोरडेपणीं जी ताठ बांधली, ती पहिल्या सरीबरोबर एक तर मेख उपटते, नाहीं तर कापड फाडते. सर आली कीं प्रत्येक तणावा सैल करावयाचा व उघडीप झाली कीं पुन्हां ताणावयाचा, हें काम रात्रीं-अपरात्रीं करावें लागतें. चार तणाव्यांच्या राहुटीस एक माणूस पुरतो, चारशें तणाव्यांच्या डेऱ्यास फौज लागते. त्यांतून देशावरील काळी जमीन भिजली म्हणजे मेख लोण्यांत रुतावी तशी रुतते आणि तशीच निघून येते. तेथें लांब मेख, तीहि तंबूपासून बाहेर कललेली ठोकावी लागते. मावळांतील कातळावर मेख शिरतच नाहीं, दोऱ्या धोंड्यांना बांधाव्या लागतात. भोंवतीं चर खणावा, दार वाऱ्याच्या पाठीकडे ठेवावें, कनात वाऱ्यासमोर आडवी उभी करूं नये, कारण ती मग गलबताच्या शिडासारखी तंबूच ओढून नेते. आणि ओला तंबू घडी घालून उंटावर लादला तर वजन वाढतेंच, शिवाय चार दिवसांत त्याला बुरशी चढून कापड कुजूं लागतें. रोज कूच करणाऱ्या लष्कराला तो वाळविण्यास वेळ कोठला?

मराठ्यांनीं ह्या सर्व खटाटोपावर एक सरळ तोड काढली होती. पावसाळ्यांत तंबूंत राहावयाचेंच नाहीं. सभासदानें शिवाजी महाराजांच्या लष्कराचा जो शिरस्ता सांगितला आहे त्याप्रमाणें पावसाळ्यांत फौजेनें स्वमुलखीं छावणीस यावें. तेथें दाणावैरण, औषधें व गवतानें शाकारलेलीं घरें तयार असावीं. आणि दसरा होतांच कूच करावें. चिपळुणाकडील लष्करी अंमलदारांना महाराजांनीं लिहिलेलें पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्याकरितां सांठविलेला दाणा व गवत जपून वापरा, रयतेच्या काडीला हात लावूं नका, आणि गवताच्या त्या वस्तींत चुली-दिव्यांची काळजी घ्या, नाहीं तर एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतकी बारीक सूचना त्यांत आहे. राज्य स्थापन करणाऱ्या पुरुषानें उंदराचाहि विचार करावा ह्याचें कौतुक वाटतें. बाकीचे आठ महिने हलक्या सामानावर काढावयाचे. १६७७ मध्यें कर्नाटकच्या स्वारींत महाराजांच्या गोटास भेट देणाऱ्या फ्रेंच वकिलाला तेथें दोनच तंबू दिसले, तेहि साध्या जाड कापडाचे व अगदीं लहान. एक महाराजांचा व दुसरा त्यांच्या मुख्य प्रधानाचा. ही हकीकत फ्रांस्वा मार्तें ह्यानें आपल्या स्मरणवहींत नमूद केली आहे.

औरंगजेब १६८१ मध्यें दक्षिणेंत उतरला. १६९५ पासून १६९९ पर्यंत त्याचा मुख्य तळ भीमेकाठीं ब्रह्मपुरीस होता. तिचें नांव त्यानें इस्लामपुरी ठेविलें होतें. १६९९ च्या ऑक्टोबरांत तो किल्ले घेण्यास निघाला, तेव्हां जनाना व अवजड सामान त्यानें आसदखानाच्या देखरेखीखालीं तेथेंच ठेविलें, हें त्याच्या पदरीं घातलें पाहिजे. तरीहि जें बरोबर निघालें तें डोंगराळ मुलखाला फारच झालें. एप्रिल १७०० मध्यें सातारा व जूनमध्यें परळी पडली. पण तोंवर मृगाच्या सरी सुरू झाल्या होत्या. परळीहून भूषणगडापर्यंतचें अंतर सुमारें ४५ मैलांचें. तें तोडण्यास बादशाही लष्कराला सुमारें ३५ दिवस लागले. ओझ्याचीं जनावरें वेढ्यांतच मेलीं होतीं, उरलेलीं चिखलांत बसलीं. कृष्णेला पूर. तंबू ओले, सरपण ओलें, दाणा महाग. ज्या पेशखान्यानें एक मजल पुढें असावयाचें तोच मागें राहूं लागला, आणि मोठमोठ्या सरदारांवर चिखल तुडवीत पायीं चालण्याची पाळी आली.

खरा घात त्यापुढें झाला. पावसाळा सरत आला असें समजून छावणी माण नदीच्या कांठीं खवासपुरास पडली होती. माण ही बहुतेक वर्षभर कोरडी असणारी नदी. तिच्या वाळवंटांतहि डेरे पडले. जागा सपाट, मऊ, पाणी जवळ. तंबू ठोकणाऱ्याला मोह पडावा अशीच. ऑक्टोबर १७०० च्या आरंभीं एका मध्यरात्रीं वरच्या डोंगरांत अवेळीं पाऊस झाला व पाण्याचा लोंढा झोंपलेल्या छावणीवर आला. माणसें, गुरें, तंबू, सारें वाहूं लागलें. गडबडींत ऐंशी उलटलेला बादशहा ठेंचाळून पडला व त्याचा उजवा गुडघा निखळला. तो पुढें कधींच पुरता बरा झाला नाहीं. दरबारी लोकांनीं, हा तर आपल्या पूर्वजाचा, तैमूरलंगाचा, वारसा लाभला असें म्हणून त्याचें समाधान केलें; खुशामतीला पुरांतहि कोरडी जागा सांपडते ती अशी.

ह्यानंतर तरी शहाणपण यावें; पण १७०२ मध्यें तोच प्रकार पुन्हां घडला. खेळणा, म्हणजे विशाळगड, परशुराम त्रिंबकानें दोन लक्ष रुपये घेऊन जूनमध्यें सोडला. पावसाच्या तोंडावर रिकामा किल्ला देऊन पैसा घेण्यांत मराठ्यांचा तोटा फारसा नव्हता. तेथून पन्हाळ्यापर्यंतचे तीस मैल चालण्यास बादशहाला ३८ दिवस लागले. खेळण्याभोंवतीं मराठ्यांना मोठी लढाई द्यावी लागली नाहीं तितकें काम आंब्याच्या रानांतील पावसानें केलें.

मराठ्यांनीं तरी हा धडा जपला काय? १७६० त सदाशिवरावभाऊ उत्तरेस निघाले तेव्हांच्या लष्कराचें ग्रँट डफनें वर्णन केलें आहे. उंच व ऐसपैस डेरे, आंतून रेशमी व बनाती अस्तर, वर दुरून चकाकणारे सोनेरी कळस. तीन पिढ्यांपूर्वीं ज्या थाटाची थट्टा केली, तोच थाट आतां पुण्याच्या अंगीं आला होता, आणि हिंदुस्थानांतील जुन्या सरदारांनीं जड सामान मागें ठेवण्याची सल्ला दिली ती मानली गेली नाहीं. पानिपतच्या पराभवाचीं कारणें अनेक आहेत. सारा दोष तंबूंच्या माथीं मारणें हा अन्याय होईल. पण दोन खांबांच्या राहुटीनें आठ महिने हिंडणारी फौज व ती फौज एक नव्हती, हें मान्य करावें लागतें.

पेशव्यांचे हे डेरे, कनाती व जाजमें ज्या खात्याच्या ताब्यांत असत त्याला फरासखाना म्हणत. पुण्यांतील बुधवार पेठेकडच्या त्या जागेला तेंच नांव राहिलें आहे. पुढें तेथें पोलीस ठाणें आलें, आणि आतां तें नांव ऐकून पुणेकराच्या डोळ्यांपुढें तंबू सोडून बाकी सर्व कांहीं उभें राहतें.