सोलापूरचा ‘मार्शल लॉ’ आणि संदर्भाची प्रामाणिकता

प्रस्तावना

मानव्य विद्याशाखेतील शोधनिबंधात संदर्भ हा शेवटी उरकावयाचा उपचार आहे, असा समज महाविद्यालयीन वर्तुळात बराच रूढ आहे. निबंध आधी लिहिला जातो आणि संदर्भसूची मागाहून ‘तयार’ केली जाते. इतिहासाच्या अभ्यासकास हा समज परवडणारा नाही. विधान कोणत्या साधनावर उभे आहे हे वाचकास कळले नाही, तर ते तपासता येत नाही; आणि जे तपासता येत नाही ते केवळ विश्वासाने स्वीकारावे लागते. प्रस्तुत लेखात सोलापूरच्या १९३० मधील घटनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

साधनांची परंपरा

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे मूळ स्वरूपात छापून त्यांनी आपले विवेचन प्रस्तावनेत स्वतंत्रपणे मांडले. त्यामुळे त्यांच्या निष्कर्षाशी असहमत होणाऱ्यासही तीच पत्रे वाचून वेगळे मत मांडता आले. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ही दृष्टी पुढे नेली. संदर्भाचे खरे प्रयोजन हेच आहे : वाचकाला पुराव्यापर्यंत नेणारी वाट मोकळी ठेवणे.

एका संख्येचा प्रश्न

महात्मा गांधींना ५ मे १९३० रोजी अटक झाल्यानंतर सोलापुरात हरताळ, मिरवणुका, पोलीस गोळीबार आणि जाळपोळ असे प्रसंग घडले. १२ मे रोजी शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. नवी पेठेच्या बाजारात आजही ‘मार्शल लॉ’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

या घटनाक्रमात ब्रिटिश अंमल शहरातून उठल्याचा काळ काही लेखनात तीन दिवसांचा, तर काहींत चार दिवसांचा सांगितला जातो. ९ ते ११ मे मोजल्यास तीन दिवस होतात. १२ मे धरल्यास चार. म्हणजे भेद मोजणीच्या पद्धतीचाही असू शकतो. परंतु साधन न सांगता केवळ आकडा उतरविला, तर हा भेद कशातून आला हे वाचकास कधीच उमगत नाही.

प्रस्तुत लेखकाने एम. फिल.च्या प्रबंधिकेत असाच एक आकडा दिला होता आणि तळटीपेत शासकीय दप्तराचा उल्लेख केला होता. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी विचारले, “ही फाईल आपण पाहिली आहे काय?” ती पाहिलेली नव्हती, एका ग्रंथातील तळटीप जशीच्या तशी उचलली होती. माहिती कदाचित बरोबरही असेल, पण ‘मी पाहिले’ हे सांगणे खोटे होते. अशा वेळी मूळ साधन नोंदवून ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहिणे एवढेच पुरेसे असते. त्यात कमीपणा नाही.

व्यवहारातील दक्षता

पहिली बाब म्हणजे साधनाची पूर्ण ओळख. ‘सोलापूर गॅझेटियर’ एवढा उल्लेख अपुरा आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूरविषयक विसावा खंड १८८४ चा आहे. त्यात १९३० च्या घटना असणे शक्यच नाही. म्हणून आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठ आवश्यक ठरते. पुराभिलेखागारातील कागदासाठी विभाग, वर्ष, फाईल क्रमांक व पृष्ठ द्यावे. इंग्रजी दप्तरात शहराचे नाव ‘शोलापूर’ असे असल्याने शीर्षक मूळ रूपातच ठेवावे. ते ‘सुधारल्यास’ पुढील अभ्यासकास कागद सापडणे कठीण होते. मौखिक माहितीसाठी निवेदकाची संमती, मुलाखतीची तारीख व स्थळ नोंदवावे आणि माहिती स्वानुभवाची की ऐकीव हेही स्पष्ट करावे.

दुसरी बाब साधनाच्या भूमिकेची. जी घटना सरकारी कागदात ‘दंगल’ ठरते, तीच स्थानिक लेखनात ‘लढा’ असते. निबंधातील शब्द कोणाचा आहे हे संदर्भ सांगतो. तो नसेल, तर वसाहतकालीन अधिकाऱ्याचे मत नकळत आपले मत होऊन बसते.

तिसरी बाब तपासणीच्या मर्यादेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यासाठी दंड नाही. साम्य शोधणारी संगणकीय प्रणाली उचललेले वाक्य दाखवू शकते. पण न पाहिलेल्या फाईलचा संदर्भ तिला सहसा ओळखता येत नाही. ती जबाबदारी संशोधकाची आणि मार्गदर्शकाचीच राहते.

समारोप

संदर्भपद्धती कोणतीही असो, तिच्यात सातत्य हवे. परंतु स्वल्पविराम योग्य जागी पडला म्हणून संदर्भ खरा होत नाही. चौघा हुतात्म्यांविषयी आदर व्यक्त करणे सोपे आहे. त्यांच्याविषयी लिहिलेले प्रत्येक विधान तपासता येईल असे लिहिणे अधिक कष्टाचे आहे, आणि इतिहासाच्या अध्यापकाकडून अपेक्षित आदर तोच आहे. आपले विद्यार्थी आपली तळटीप पाहूनच आपली तळटीप लिहावयास शिकतात, हे विसरून चालणार नाही.