सहाशे खिळे आणि एक कमान

चिंचोळी एमआयडीसीत मी खोके छापण्याच्या ऑफसेट मशीनवर आहे. पण माझा हात तयार झाला सोलापुरात, खिळ्यांवर, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांवर. मराठीची केस, म्हणजे खिळे ठेवायची पेटी, साडेतीनशेच्या वर खणांची. पूर्ण क एका खणात, अर्धा दुसऱ्यात, क्ष तिसऱ्यात. रफार, उकार, वेलांट्या आणखी वेगळ्या. कुठल्या खणात काय, हे न बघता सांगता आलं तेव्हा उस्तादांनी हातात खिळे जुळवायची स्टिक दिली. त्याला सहा महिने गेले.

म्हणून आपल्या देशातली छपाई जिथे सुरू झाली, तिथली, जुन्या गोव्यातली एक कमान माझ्या मनातून जात नाही. जांभ्या दगडाची, बाजूला काळ्या दगडाचे खांब, वर क्रूस. कमानीतून आत गेलं की काहीच नाही. इथे सेंट पॉल कॉलेज होतं. नाव कॉलेजचं असलं, तरी ती मुलांना ठेवून घेऊन शिकवणारी कॅथलिक शाळा होती. १५४१ साली मिगेल व्हाज आणि दियोगु द बोर्बा या पाद्र्यांनी ती काढली. पुढे ती जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाकडे गेली. वेगवेगळ्या मुलुखांतली मुलं इथे लॅटिन, व्याकरण, धर्मशास्त्र शिकली.

६ सप्टेंबर १५५६ ला इथिओपियाला निघालेला एक छापखाना जहाजातून गोव्यात उतरला. तो पुढे गेलाच नाही. हुवान द बुस्तामांते या जेझुइटाने तो या शाळेत चालवला. भारतातली पहिली छपाई ती. त्यावर सर्वात आधी छापले गेले ते विद्यार्थ्यांनी चारचौघांत वाद घालण्यासाठी मांडलेले सिद्धान्त. दुसऱ्या वर्षी धर्मशिक्षणाचं पुस्तक निघालं. अक्षरं मात्र सगळी रोमन.

तमिळचे खिळे ओतले गेले आणि १५७८ साली कोल्लमला तमिळ पुस्तक छापून झालं. आपल्या लिपीला ते भाग्य मिळालं नाही. १५७९ ला गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सना ही खंत होती. १६०८ च्या पत्रात त्यांनी रोमला कळवलं, की या देशाच्या लिपीत पुस्तकं छापावीत ही आपली फार दिवसांची इच्छा आहे. पण युरोपात चोवीस साचे पुरतात, इथे सहाशे लागतील. हा आकडा वाचला आणि मला माझी केस आठवली. या माणसाने आपली अक्षरं एकेक करून मोजली होती.

तरी ते थांबले नाहीत. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' त्यांनी मराठीत रचलं. १६१६ साली ते सासष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं, रोमन अक्षरांत.

सेंट पॉलच्या शाळेला उतरण त्याआधीच लागली होती. रोगराईमुळे जेझुइटांनी ही जागा सोडून जवळच्या टेकडीवर बस्तान हलवलं. १६८४ च्या पोर्तुगीज सरकारच्या फर्मानाने इथल्या लोकांना आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला बजावलं. मग १७५९ ला पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या हुकुमाने जेझुइटांना पकडून बाहेर काढलं आणि त्यांच्या शाळा गेल्या. १८३० च्या सुमाराला इमारत पाडली, दगड पणजीच्या बांधकामांना वापरले. कमान तेवढी राहिली.

'ख्रिस्तपुराणा'ची सतराव्या शतकातली छापील प्रत आज मिळत नाही. लोकांनी हाताने उतरवून घेतलं म्हणून ते वाचलं. १९०७ साली मंगळूरला सालढाणांनी ते पुन्हा छापलं, तेही रोमन लिपीतच. देवनागरीत छापून आलं १९५६ साली, पुण्याला, शांताराम बंडेलूंच्या संपादनाखाली. मराठी पुस्तकाला मराठी खिळे मिळायला ३४० वर्षं लागली. माझ्या मते या शाळेच्या गोष्टीतलं सर्वात मोठं नुकसान हेच. भिंती पडल्या त्याचं मला इतकं वाटत नाही.

गोव्याला गेलात, तर जुन्या गोव्यातलं बासिलिका हे मोठं चर्च बघून परत फिरू नका. फोंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला ही कमान आहे. पाच मिनिटं थांबा. भारतातला पहिला छापील कागद इथे निघाला.