तिसरी यादी

१९३२ साली नागपूरच्या सरकारी छापखान्यातून मध्यप्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांच्या दोन याद्या निघाल्या. एक रायबहादूर हिरालाल यांची. शिलालेख आणि ताम्रपटांची १९१६ सालची आपली यादी त्यांनी वाढवून, दुरुस्त करून पुन्हा छापली. दुसरी ओ. एस. क्रॉफ्टन यांची, थडग्यांवरच्या आणि स्मारकांवरच्या लेखांची. भंडारा हा या प्रांतातलाच जिल्हा होता. हिरालालांच्या यादीत राजे, दाने, देवळे आणि किल्ले आले. क्रॉफ्टन यांच्या यादीत प्रामुख्याने युरोपीय अधिकारी, सैनिक, पाद्री, त्यांच्या बायका आणि मुले आली. दोन्ही कामे कष्टाची आणि मोलाची आहेत. तरीही वैनगंगेच्या काठी राहिलेला गोंड पाटील, पवनीचा विणकर, रेल्वेवर राबायला आलेला परप्रांतीय, मशिदीचा मुल्ला, मिशनच्या दवाखान्यातली मराठी परिचारिका यांपैकी कोणालाही या दोन याद्यांत जागा नव्हती. एक यादी प्राचीनतेने आखलेली होती, दुसरी वंशाने. आज जगभर स्वयंसेवक कॅमेरा घेऊन जुन्या दफनभूमींतील दगड टिपत आहेत आणि त्यातून कुटुंबांच्या वंशावळी जुळत आहेत. असे काम भंडारा जिल्ह्यात व्हायला हवे, आणि ते होईल तेव्हा ती या दोन याद्यांची पुरवणी नसावी, कोणालाही न वगळणारी तिसरी यादी असावी, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

एक दगड काय करू शकतो याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. पवनीला एक स्मृतिस्तंभ सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेल्या छोट्या लेखात, हा महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ आहे, एवढेच सांगितले आहे. वा. वि. मिराशी यांनी तो लेख अभ्यासून त्याचे महत्त्व दाखवले. हा रूपिअम्म इतिहासाला ठाऊक आहे तो या एका स्तंभामुळे. क्षत्रपांची सत्ता किंवा वावर विदर्भात इतक्या पूर्वेला पोचला होता का, हा प्रश्न विचारता येतो तोही त्या काही अक्षरांमुळेच. त्याच पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झाले, तेव्हा स्तूपाच्या कठड्यांवर दान देणाऱ्या सामान्य उपासकांचीही नावे मिळाली. दोन हजार वर्षांपूर्वीची ही माणसे आज आपल्याला नावाने माहीत आहेत, आणि त्याच गावात शंभर वर्षांपूर्वी पुरलेल्या माणसाचे नाव मात्र त्याच्या पणतूला सांगता येत नाही. नाव टिकले ते माणूस थोर होता म्हणून नव्हे. अक्षर दगडावर होते आणि कोणीतरी वेळेत ते उतरवून घेतले, म्हणून टिकले.

पहिला आक्षेप ठरलेला आहे. आपल्याकडे दहनाची रीत. अस्थी नदीत जातात, राख वाऱ्यावर जाते, मग थडगी कुठून आणायची? हा आक्षेप समाजाच्या एका भागालाच लागू पडतो. मुसलमान आणि ख्रिस्ती सोडले तरी पुरण्याची रीत इथे दुर्मीळ नाही. गोंडांमध्ये ती जुनी आहे. लिंगायत आणि गोसावी आपल्या मृतांना बसवून समाधी देतात. विदर्भात घट्ट रुजलेल्या महानुभाव पंथातही भूमीत निक्षेप करतात. दहन करणाऱ्या घरांतही तान्ह्या मुलांना पुरतच असत. त्यामागे सरपणाचा खर्चही होता. गरिबाघरचे प्रेत अनेकदा मातीतच जाई. विदर्भाच्या भूमीला तर मृतांसाठी दगड मांडण्याची सवय फारच जुनी आहे. नागपूरच्या परिसरातील महापाषाणयुगीन शिलावर्तुळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली आहेत. त्यांतील टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले. तेव्हा भंडाऱ्यात टिपण्याजोगे दगड नाहीत, असे म्हणणे हे प्रत्यक्षात काही समाजांचेच मृत्यू मोजण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कागद असताना दगड कशाला? जुन्या मध्यप्रांतात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर नेऊन देई. त्या नोंदींची पुस्तके, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले 'कोतवाल बुक', आजही तहसील कचेरीच्या अभिलेखागारात धुंडाळली जातात. जात पडताळणीसाठी १९५०, १९६१ किंवा १९६७ च्या आधीचा पुरावा हवा असला, की भंडाऱ्याचा माणूस आधी तिकडेच धाव घेतो. म्हणजे वंशावळ हा इथे रिकामपणचा छंद नाही. शिक्षण, नोकरी आणि निवडणूक तिच्यावर अडते. पण कोतवाल बुकाची घडण पाहा. जन्माच्या नोंदीत बहुधा बापाचे नाव, जात आणि 'एक मुलगा झाला' किंवा 'एक मुलगी झाली' एवढेच असते; मुलाचे नाव नसते, कारण वर्दी जाई तेव्हा बारसेच झालेले नसे. बाई असते ती कोणाची तरी बायको किंवा आई. आडनाव कधी असते, कधी नसते. पाने फाटतात, शाई उडते. थडग्याचा दगड नेमक्या याच जागी बोलतो: त्यावर माणसाचे स्वतःचे नाव असते, कधी वय, कधी मूळ गाव, कधी दगड बसवणाऱ्या मुलाचे किंवा भावाचे नाव. शिवाय एका आवारात कोण कोणाच्या शेजारी आहे, हेही नात्याविषयी काही सांगते, आणि ते कोणत्याच वहीत लिहिलेले नसते. दगड न्यायालयीन पुरावा म्हणून पुरेल असा माझा दावा नाही. कोणत्या सालची, कोणत्या गावची वही उघडायची हे तो दाखवतो, आणि शोधणाऱ्यासाठी अर्धे काम तेवढ्यानेच होते.

तिसरा आक्षेप या कामाच्या मुळालाच हात घालतो. दगड बसवायला पैसा लागतो. मग दगडांची यादी ही ऐपतवाल्यांचीच यादी ठरणार नाही का? उत्तर टाळण्यासारखे नाही. १८९१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ४३ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ६ लाख ६३ हजारांवर आली. मधल्या दहा वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. काही लोक स्थलांतर करून गेले, पुष्कळ मेले, आणि मेलेल्यांपैकी फारच थोड्यांच्या डोक्याशी दगड उभा राहिला असेल. कोणताही कॅमेरा ही उणीव भरून काढू शकणार नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष 'काम करू नये' हा नाही. 'निवड करू नये' हा आहे. नाव असलेला, देखणा, वाचता येणारा दगड तेवढा टिपला, तर आपण ऐपतवाल्यांचीच यादी करू. आवारातली प्रत्येक खूण टिपली, म्हणजे कोरा दगड, नुसता मातीचा उंचवटा, कडेला रोवलेली विटांची ओळ हे सगळे क्रमांक देऊन नोंदले, तर निनावी माणसांची संख्या तरी उरते. शेजारच्या नावाच्या दगडावरून त्यांचा काळ अंदाजता येतो, आणि कोतवाल बुकातील मृत्यूंशी ती संख्या ताडून पाहता येते. 'अक्षर नाही' ही देखील नोंदच आहे.

म्हणून पद्धतीला इथे तत्त्वाइतके महत्त्व येते. एका दगडाची किमान तीन छायाचित्रे हवीत: लेखाचे जवळून, संपूर्ण दगडाचे, आणि भोवतालच्या दगडांसह दुरून. झिजलेली अक्षरे समोरच्या उजेडात दिसत नाहीत. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, कडेने प्रकाश पडला की खाचेत सावली धरते आणि गेलेले अक्षर उठून येते. दगड सावलीत असेल तर आरशाने ऊन कडेने त्यावर पाडता येते. शेवाळ काढायला तारेचा ब्रश, अ‍ॅसिड किंवा खडू लावू नये, कारण एकदाच्या वाचनासाठी पुढची शंभर वर्षे खर्ची पडतात. पाणी आणि मऊ कुंचला पुरे. लेख जसा आहे तसा, चुकांसकट उतरवावा. शुद्ध रूप आणि अर्थ वेगळ्या रकान्यात द्यावा. भंडाऱ्यात देवनागरी, मोडी, उर्दू-फारसी आणि रोमन या चारही लिप्या समोर येण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि कालगणनाही एक नाही. शके १८०० म्हणजे १८७८; हिजरी १३०० सुरू झाले १८८२ च्या नोव्हेंबरात. हे ज्ञान एका माणसाजवळ सहसा नसते. मोडी जाणणारा निवृत्त शिक्षक, उर्दू वाचणारा मशिदीचा इमाम, चर्चची जुनी नोंदवही ओळखणारा पंच आणि मोबाइल सफाईने हाताळणारी महाविद्यालयीन मुलगी एकत्र बसली, तरच एक आवार पुरे होईल. या कामाचा सामाजिक लाभ मला यातच दिसतो: प्रत्येकाला दुसऱ्याच्या मृतांची नावे नीट वाचावी लागतात.

बाहेरच्या जगाचा अनुभव दोन्ही अर्थांनी उपयोगी आहे. दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींसाठी १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये 'बॅक्सा' ही संस्था निघाली. तिने केलेल्या नोंदी आणि छायाचित्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९९८ पासून 'फिबिस' ही संस्था ब्रिटिशकालीन भारतातील कुटुंबांच्या नोंदी स्वयंसेवकांकडून जमवते. 'फाइंड अ ग्रेव्ह' आणि 'बिलियनग्रेव्ह्ज' यांनी तर घरबसल्या आजोबांचा दगड पाहण्याची सोय केली. इथे कोणी विचारील की साहेबांची थडगी आपण का जपायची? पहिली गोष्ट अशी की इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत सगळे साहेबच निजलेले नसतात. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने १८८२ मध्ये भंडाऱ्यात ठाणे उघडले, आणि त्याभोवती जमलेली कुटुंबे मराठी होती, आहेत. दुसरी गोष्ट, नोंद म्हणजे गौरव नव्हे. परकी सत्ता इथे कशी वावरली, तिची किती मुले हिवतापाने आणि पटकीने गेली, कोण कोणत्या कामावर होता, हा आपल्याच इतिहासाचा पुरावा आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्यांनी आपल्या मृतांसाठी संस्था उभ्या केल्या, पुस्तके छापली, प्रती सुरक्षित ठेवल्या. त्यांच्या यादीत आपण नाही ही तक्रार रास्त आहे. पण ती आपल्या यादीनेच मिटेल.

सर्वांत नाजूक आक्षेप श्रद्धेचा आणि जमिनीचा. कबरीचे छायाचित्र काढणे काहींना अनुचित वाटते. शिवाय दफनभूमीच्या हद्दीवरून गावोगावी तंटे असतात, आणि नकाशासह केलेली यादी उद्या कोणाच्याही हातचे हत्यार होऊ शकते. ही भीती निराधार नाही, म्हणून काही गोष्टी आधीच ठरवल्या पाहिजेत. आवार ज्यांचे, त्यांची संमती पहिली. त्या समाजाचा माणूस सोबत हवाच. अलीकडच्या कबरींची नावे उघड करायची नाहीत. कुटुंबाने मागितली तरच द्यायची. आणि यादीची पहिली प्रत मशिदीच्या, चर्चच्या किंवा पंथाच्या पंचांकडे, दुसरी ग्रामपंचायतीकडे, तिसरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. हत्यार होण्याचा धोका एकाच हाती असलेल्या यादीला अधिक असतो. सर्वांकडे असलेली यादी तंट्यात साक्षीदारासारखी उभी राहते. आवार आधी केवढे होते आणि त्यात किती जण होते, हे मग कोणाला नाकारता येत नाही.

हे सारे परदेशी वळणाचे वाटत असेल, तर तेराव्या शतकाकडे पाहावे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी भंडाऱ्यास आले तेव्हा निळभट त्यांना भेटले आणि पुढे भांडारेकार या नावानेच पंथात ओळखले गेले. स्वामी जिथे जिथे थांबले, निजले, जेवले ती स्थाने त्यांच्या मागे अनुयायांनी पायी फिरून शोधली, गावचे जाणते विचारले, देवळाचे तोंड कोणत्या दिशेला आणि स्थान किती अंतरावर हे लिहून 'स्थानपोथी' सिद्ध केली आणि त्या जागांवर ओटे बांधले. गावोगाव फिरणे, जागा निश्चित करणे, साक्ष घेणे, लिहून ठेवणे: आजच्या स्वयंसेवकाची कृती याहून वेगळी नाही. फरक इतकाच, की त्यांनी एका पूज्य पुरुषाच्या खुणा राखल्या; आपल्याला सगळ्यांच्या राखायच्या आहेत. वेळही फार नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण झाले, त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली आणि पुढे गावेच्या गावे उठली. घराचा आणि शेताचा मोबदला मोजला गेला, नवे गावठाण आखले गेले. जुन्या मसणवट्यातले दगड मात्र कोणी बैलगाडीत घालून नेत नाही. जिथे पाणी आले नाही तिथे रस्त्याचे रुंदीकरण, नवे कुंपण आणि दरवर्षीचा चुना हेच काम हळूहळू करत आहेत. पवनीच्या स्तंभावर रूपिअम्माचे नाव आहे; तो घडवणाऱ्या पाथरवटाचे नाही. तिसऱ्या यादीत त्या पाथरवटाच्या वारसांनाही ओळ मिळावी, नाव सापडले तर नावाने, नाही सापडले तर निदान दगडाच्या क्रमांकाने.