हाती गिअरचा अस्त : अमेरिकी डिझेल पिकअपच्या इतिहासाचे एक वाचन

एखाद्या वस्तूचा जन्म इतिहासात थाटामाटाने नोंदला जातो. तिचा शेवट मात्र पुष्कळदा पर्यायांच्या यादीतून एक ओळ गळून पडावी तसा होतो. अमेरिकेत रॅम या नावाने विकल्या जाणाऱ्या जड डिझेल पिकअपच्या २०१८च्या मॉडेलपर्यंत ग्राहकाला सहा गतींचा मॅन्युअल गिअरबॉक्स मागता येत होता. २०१९च्या मॉडेलपासून तो मागता येईनासा झाला. त्या वर्गातली क्लचचे पेडल असलेली ती शेवटची डिझेल गाडी होती.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या घटनेकडे का वळावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे, की ‘ऱ्हास’ हा शब्द आपण साहित्याच्या इतिहासात सढळ हाताने वापरतो. लावणीचा ऱ्हास, कीर्तनाचा ऱ्हास, नियतकालिकांचा ऱ्हास. परंतु ऱ्हास नेमका कसा घडतो, तो कोण घडवून आणतो आणि मागाहून त्याची जबाबदारी कोणाच्या माथी मारली जाते, हे तपासायला पुरावा हाती असावा लागतो. या प्रकरणात तो आकड्यांच्या रूपाने उपलब्ध आहे.

प्रथम विषयाची थोडी ओळख. पुढे माणसांची बैठक आणि मागे उघडा हौदा, ही पिकअप. तिच्यातला जड वर्ग अमेरिकेत घोड्यांचे ट्रेलर, गुरे, गवताचे गठ्ठे, बांधकामाची यंत्रे ओढण्यासाठी वापरला जातो आणि अशा कामाला डिझेल इंजिन सोयीचे पडते. डिझेल इंजिन सावकाश फिरते, पण त्या सावकाश फिरण्यातच त्याचा पीळ असतो. ज्याला यंत्रशास्त्रात टॉर्क म्हणतात तो पीळ मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्याही खाली पूर्ण भरात येतो. मात्र त्याच्या बळाचा पट्टा अरुंद असतो; म्हणून चढ लागला, ओझे वाढले, की गिअर बदलून इंजिनाला त्या पट्ट्यात परत आणावे लागते. हा निर्णय कोणी घ्यायचा, चालकाने की यंत्राने, एवढाच या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

या गाभ्यातली एक गंमत आरंभीच सांगितली पाहिजे. दातेरी चक्रे करकर न करता एकमेकांत बसावीत यासाठीची सिंक्रोमेश ही युक्ती १९२८ साली कॅडिलॅक गाडीत प्रथम आली. ती अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची. हाती गिअर सर्वसामान्य माणसाच्या आटोक्यात आला तो या युक्तीमुळे. आणि १९३९ साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी जो हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला, त्याच्या विकासाचे नेतृत्वही याच थॉम्पसनने केले होते. ज्याने हाती गिअर सोपा केला, त्यानेच तो अनावश्यक करण्याची सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात हाच हायड्रामॅटिक अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसला.

तरीही डिझेल पिकअपच्या मुलखात ऑटोमॅटिकचा जम फार उशिरा बसला. जनरल मोटर्सने १९७८च्या सुमारास ओल्ड्समोबिलचे डिझेल इंजिन पिकअपमध्ये बसवले, १९८२ साली नवे ६.२ लिटरचे इंजिन आणले. फोर्डने १९८३च्या मॉडेलपासून इंटरनॅशनल हार्वेस्टर या ट्रॅक्टर आणि ट्रक बनवणाऱ्या कंपनीचे इंजिन घेतले. मोठा बदल झाला तो १९८९च्या मॉडेलपासून. त्या वर्षी डॉज पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आले. त्याची शक्ती फक्त १६० अश्वशक्ती होती, पण पीळ ४०० पाउंड-फूट. ट्रकचे इंजिन जणू शेतकऱ्याच्या दारात आले.

या पिळाला त्या काळचे ऑटोमॅटिक पुरे पडत नव्हते. त्यांची घडण बहुतांशी पेट्रोल गाड्यांच्या मापाची होती. शिवाय लांब उतारावर ट्रेलर मागून ढकलू लागला, की हाती गिअरची गाडी खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या बळावर स्वतःला रोखून धरी. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि चाके यांच्यामध्ये तेलाचा दुवा असल्याने ही पकड सैल पडे. आपल्याकडच्या घाटांत ‘उतारावर गाडी न्यूट्रल करू नये’ अशा पाट्या असतात, त्यांचे मर्म ज्याला ठाऊक आहे त्याला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. म्हणून ज्याला खरोखर ओझे ओढायचे आहे त्याने क्लचचीच गाडी घ्यावी, हा त्या काळचा व्यवहारज्ञानाचा नियम होता. त्यात हौसेचा वा अभिमानाचा भाग नंतर मिसळला. मूळ कारण रोकडे होते.

२००१ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या मॉडेलमध्ये डॉजने कमिन्स इंजिनाचे दोन प्रकार ठेवले. जास्त ताकदीचे, म्हणजे २४५ अश्वशक्ती आणि ५०५ पाउंड-फुटांचे इंजिन फक्त सहा गतींच्या मॅन्युअलबरोबर मिळे. ऑटोमॅटिक घेणाऱ्याला ४६० पाउंड-फुटांवर समाधान मानावे लागे. हाती गिअरच्या वैभवाचा हा कळस म्हणता येईल. परंतु त्याच मॉडेल वर्षात जनरल मोटर्सने इसुझूबरोबर मिळून बनवलेले ड्युरामॅक्स हे डिझेल इंजिन आणले आणि त्याला जोड दिली ती ॲलिसनच्या पाच गतींच्या ऑटोमॅटिकची. बस आणि लष्करी वाहने यांचे गिअरबॉक्स बनवण्यात ॲलिसनची हयात गेलेली. ५२० पाउंड-फुटांचा पीळ हे ऑटोमॅटिक बिनतक्रार पेलू लागले; उतारावर आपणहून खालच्या गिअरमध्ये येऊन गाडी रोखू लागले. कळस आणि उतरंड यांची तारीख एकच निघावी, हा योग इतिहासात दुर्मीळ नसला तरी बोलका आहे.

पुढची वाटचाल वेगाने झाली. फोर्डने २००३च्या मॉडेलपासून डिझेलसाठी पाच गतींचे भक्कम ऑटोमॅटिक आणले. जनरल मोटर्सच्या २००७ साली आलेल्या नव्या पिढीच्या जड पिकअपमध्ये डिझेलला मॅन्युअलची जोड उरली नाही. फोर्डने २०११च्या मॉडेलमध्ये नवे ६.७ लिटरचे इंजिन आणले ते फक्त ऑटोमॅटिकसह. एकटी रॅम मागे उरली, आणि तीही कशी उरली ते पाहण्यासारखे आहे. २०१८च्या मॉडेलमध्ये मॅन्युअल घेणाऱ्याला इंजिनाचा पीळ ६६० पाउंड-फुटांवर बांधून दिला जाई. वरच्या श्रेणीचे ऑटोमॅटिक घेणाऱ्याला त्याच ६.७ लिटरच्या इंजिनातून ९३० पाउंड-फूट मिळत. सतरा वर्षांत तराजू पूर्ण उलटा झाला होता. २००१मध्ये जो गिअर सबळांचा होता, तो २०१८मध्ये दुर्बळांचा ठरला. पुढच्याच वर्षी ऑटोमॅटिकवाल्या रॅमचा पीळ हजारावर गेला आणि मॅन्युअलचे नाव यादीतून गेले.

या घटनेचे सर्वांत सोपे आणि सर्वाधिक ऐकू येणारे स्पष्टीकरण असे, की ग्राहकांनीच मॅन्युअल नाकारला. मागणी नाही तिथे पुरवठा कसा राहील? हे स्पष्टीकरण खोटे नाही. पिकअप हळूहळू कुटुंबाची गाडी झाली, चार दारांची झाली, शहरातल्या रहदारीत रोज फिरू लागली, आणि दर सिग्नलला क्लच दाबण्याची हौस थोड्यांनाच उरली. परंतु आमच्या मते हे स्पष्टीकरण अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण आकड्यांतच दडलेले आहे. ज्या वर्षी मॅन्युअलबरोबर अधिक बळ मिळत होते त्या वर्षीची मागणी आणि ज्या वर्षी त्याच्याबरोबर मुद्दाम कमी बळ दिले जात होते त्या वर्षीची मागणी, या दोहोंना एकाच मापाने मोजता येणार नाही. दुसऱ्या प्रसंगी ग्राहक दोन गिअरांमधून निवड करत नव्हता. सबळ गाडी आणि दुबळी गाडी यांतून निवड करत होता.

मग बळ कमी का दिले गेले? उत्तर मिळते, की मॅन्युअलचा क्लच आणि चक्रे तेवढा पीळ सोसू शकली नसती. हेही अर्धेच खरे. त्याच अमेरिकेतल्या मोठ्या मालट्रकांत दीड हजार पाउंड-फुटांहून अधिक पीळ पेलणारे मॅन्युअल गिअरबॉक्स वर्षानुवर्षे धावत होते. अर्थात ते अवजड, महाग, आणि त्यांचे क्लच पायाला जड. पिकअपच्या मापात बसेल असा नवा मॅन्युअल घडवणे अशक्य नव्हते. पण थोड्या खपासाठी तो खर्च करावा असे कोणाला वाटले नाही. खप थोडा म्हणून नवा गिअरबॉक्स नाही. नवा गिअरबॉक्स नाही म्हणून पीळ कमी. पीळ कमी म्हणून खप आणखी थोडा. हे चक्र एकदा फिरू लागले, की शेवट कोणत्या वर्षी होणार एवढाच प्रश्न उरतो.

यात कायद्याचाही वाटा होता. २००७ आणि २०१०च्या सुमारास अमेरिकेतले डिझेलच्या धुराचे नियम कडक झाले. २०११ साली जड वाहनांसाठी इंधनवापर आणि हरितगृह वायूंची मानके जाहीर झाली, त्यांत मोठे पिकअपही आले. इंजिन आणि गिअर या दोहोंवर एकाच संगणकाची हुकमत असली, तर धूर काबूत ठेवणे सोपे. चालक कोणत्या क्षणी कोणता गिअर टाकील याचा भरवसा मात्र संगणकाला देता येत नाही. माणसाची लहर ही नियमाच्या दृष्टीने अडचण ठरली. या नियमांमागचा हेतू योग्य होता, हे आम्ही निःसंदिग्धपणे मान्य करतो.

येथवर आल्यावर शोकगीत गाण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. ज्याचा डावा पाय निकामी आहे, ज्याचे गुडघे वयाने थकले आहेत, ज्याला आयुष्यात प्रथमच जड ट्रेलर ओढायचा आहे, अशा माणसाला ऑटोमॅटिकने त्याचे काम परत दिले आहे. अवघड उतार त्याने अनेकांसाठी सुरक्षित केला आहे. जुने ते कौशल्याचे आणि नवे ते आळसाचे, ही विभागणी जशी साहित्याच्या इतिहासात फसवी असते, तशी येथेही.

तरीही काही गेले, हे नाकारता येणार नाही. अर्धा क्लच धरून ओझे हलके उचलणे, इंजिनाच्या आवाजावरून चढाचा अंदाज बांधणे, उतार लागण्यापूर्वीच गिअर उतरवून ठेवणे, हे ज्ञान पुस्तकात नसते. ते तळपायात आणि तळहातात असते. अमेरिकेच्या व्यावसायिक वाहनांच्या नियमांत आता अशी तरतूद आहे, की ज्याने परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली त्याच्या परवान्यावर मॅन्युअल व्यावसायिक वाहन चालवण्यास मनाई नोंदली जाते. जे एके काळी ‘गाडी चालवता येणे’ या शब्दांत गृहीत होते, ते आता वेगळे सिद्ध करावे लागणारे कौशल्य झाले. एखादी विद्या सर्वांची न राहता काहींची होते, तेव्हा भाषेतही असा फरक उमटतो.

आमच्या गावांतल्या बाजार समित्यांच्या आवारात भाजीपाला उतरवणाऱ्या डिझेल पिकअप बहुतांशी हाती गिअरच्याच आहेत. त्यामुळे हा इतिहास आपल्याला परका वाटू शकेल. परंतु त्यातला युक्तिवाद परका नाही. महाविद्यालयांत मराठीचे वर्ग घटतात तेव्हा ‘विद्यार्थीच येत नाहीत’ हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. रिक्त पदे भरली गेली नाहीत, वेळापत्रकात विषयाला दुपारचा शेवटचा तास मिळाला, इतर विषयांबरोबर जोडी जमेनाशी झाली, हे त्या उत्तरात येत नाही. विषयाचा पीळ आधी कमी केला जातो आणि मग त्याला बळ नाही असे सांगितले जाते. विद्यार्थ्यांची आवड खरोखर बदलली आहे, हेही तितकेच खरे. ते लपवून आम्हांला चालणार नाही. मात्र जिथे तुल्यबळ पर्याय समोर नव्हते, तिथे निवडीला साक्ष म्हणून उभे करता येत नाही. पुढच्या वेळी कोणत्याही ऱ्हासाचा इतिहास लिहिताना लोकांनी काय सोडले हे नोंदवण्याआधी, सोडण्याच्या क्षणी त्यांच्या हाती नेमके काय दिले गेले होते, एवढे आम्ही पाहू इच्छितो.