गोगलगाय, फायटर माशाच्या टाकीतील

फायटर माशासोबत एकाच छोट्या टाकीत ठेवली जाणारी, गोड्या पाण्यात राहू शकणारी शंखधारी गोगलगाय. काचेवरचे शेवाळ खाते, माशाच्या वाटेला जात नाही आणि थोड्या जागेत मावते म्हणून हौशी मत्स्यपालकांत ती लोकप्रिय आहे. टाकी साफ ठेवणारी म्हणून मात्र तिची ख्याती वाजवीपेक्षा जास्त झाली आहे. ती शेवाळ खरवडते हे खरे, पण खाल्लेल्यातला बराच भाग विष्ठा म्हणून त्याच पाण्यात टाकते आणि माशाची विष्ठा तर खातच नाही. टाकीतला दुसरा प्राणी म्हणूनच तिची जागा, पाणी आणि खाणे यांचा विचार करावा लागतो. शेतीच्या बातम्यांत येणारी ‘शंखी गोगलगाय’ ही जमिनीवरची असून ती पाण्यात बुडून मरते. या नोंदीशी तिचा संबंध नाही.

बाजारात ‘फायटर’ या नावाने विकला जाणारा मासा म्हणजे बेटा स्प्लेंडन्स. तो मूळचा थायलंडच्या परिसरातील भातखाचरांचा आणि उथळ, संथ पाण्याचा. १९१० मध्ये चार्ल्स टेट रीगन यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर ठरवले. कल्ल्यांखेरीज त्याला लॅबिरिंथ हे श्वसनेंद्रिय असते. त्याच्या मदतीने तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो आणि म्हणूनच काचेच्या बरणीतही काही काळ तग धरतो. तग धरणे आणि नीट जगणे यांतला फरक विक्रेते सहसा सांगत नाहीत. हीटर, हलका फिल्टर आणि झाकण असलेली सुमारे २० लिटरची टाकी ही फायटरसाठी योग्य किमान सोय मानली जाते. त्याहून लहान भांड्यात माशाचीच घाण पाण्याला पेलत नाही, त्यामुळे तिथे गोगलगायीचा विचार करूच नये.

फायटर मांसाहारी आहे. पाण्यात पडलेले कीटक, डासांच्या अळ्या आणि बारीक किडे हे त्याचे नैसर्गिक अन्न. हलणारी बारीक वस्तू दिसली की तिच्यावर झेपावण्याची त्याची वृत्ती असते आणि गोगलगायीच्या डोक्यावरच्या लांब, वळवळणाऱ्या शृंगिका त्याला हुबेहूब किड्यासारख्या दिसतात. तो शंख फोडू शकत नाही, पण शृंगिका आणि डोळे तोडू शकतो. प्रत्येक माशाचा स्वभाव निराळा असतो. एखादा आठवडाभर कुतूहलाने पाहून सोडून देतो, तर दुसरा रोज चावे घेतो. लांब, जड पर असलेल्या जातींपेक्षा आखूड परांचे प्लाकाट प्रकारचे मासे अधिक चपळ असतात, त्यामुळे त्यांच्या टाकीत जास्त लक्ष ठेवावे लागते.

निवडीत पहिला मान नेराइट या गटाला द्यायला हवा. नेरिटिडी कुळातील झेब्रा, टायगर, काटेरी शंखाची अशी वेगवेगळी रूपे या नावाने मिळतात. आकार साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर, शंख जाड आणि घुमटासारखा, पाय शंखाखाली जवळजवळ पूर्ण झाकलेला. मासा जवळ आला की ती शंख काचेला घट्ट दाबून बसते आणि चावायला फारसे काही उरत नाही. शेवाळ खाण्यात गोड्या पाण्यातील इतर गोगलगायी तिच्या जवळपास येत नाहीत. काचेवर घट्ट बसलेले हिरवे ठिपकेही ती किसणीसारख्या जिभेने खरवडून काढते. मुख्य म्हणजे गोड्या पाण्यात तिची संख्या वाढत नाही. बऱ्याच नेराइटांच्या अळ्यांना वाढीसाठी मचूळ किंवा खारे पाणी लागते, कारण निसर्गात या गोगलगायी किनाऱ्याजवळचे ओढे, खाड्या आणि खारफुटीत राहतात. कोकणातल्या खाड्यांच्या काठीही या कुळातील जाती आढळतात. मादी अंडी मात्र घालतेच. पांढऱ्या तिळासारखी ही कठीण अंडी लाकडावर, दगडावर आणि काचेवर चिकटतात आणि महिनोन्महिने निघत नाहीत. ज्याला टाकीच्या देखण्या रूपाचे फार कौतुक आहे, त्याने हे आधीच ध्यानात घ्यावे. नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत आणि आधीच फलित झालेली मादी एकटी असूनही अंडी घालत राहू शकते.

नेराइटचा खरा धोका उपासमारीचा असतो. नव्या, चकचकीत टाकीत तिला खायला काहीच नसते, आणि काकडी किंवा शेवाळाची वडी ती खाईलच असे नाही. निदान दोन-तीन महिने चाललेल्या, काचेवर शेवाळाचा थर धरू लागलेल्या टाकीतच ती आणावी. २० लिटरला एक पुरे. दुसरीच्या वाट्याला शेवाळ उरत नाही.

मिस्ट्री स्नेल या नावाने मिळणारी पोमेशिया डिफ्यूझा ही दक्षिण अमेरिकेतील गोगलगाय पिवळ्या, निळसर, जांभळ्या रंगांमुळे चटकन नजरेत भरते. तिला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतात. नळीसारखा अवयव पाण्याबाहेर काढून ती हवा ओढते. फायटर आणि ही गोगलगाय दोघेही पृष्ठभागावर येऊन श्वास घेतात हे पाहणे मोठे आनंदाचे असते. तरीही छोट्या टाकीसाठी ती दुसऱ्या पसंतीची ठरते. ती लिंबाएवढी वाढते, भरपूर खाते आणि तितकीच घाण करते. शिवाय तिच्या शृंगिका लांब आणि सतत हलत्या असल्याने चावऱ्या माशाचे पहिले लक्ष्य तीच होते. तुटलेल्या शृंगिका पुन्हा उगवतात, पण रोजच्या चाव्यांत तिचे बाहेर पडणे आणि खाणे दोन्ही थांबते. शांत स्वभावाचा मासा आणि ४० लिटरच्या आसपासची टाकी असेल तर ती ठेवायला हरकत नाही. आयुष्य साधारण वर्षभराचे. पाणी जितके उबदार तितके ते कमी.

रॅम्सहॉर्न गोगलगायीचा शंख चपट्या गुंडाळीसारखा असतो. बहुतेक गोगलगायींच्या रक्तात तांबेयुक्त हिमोसायनिन असते, हिच्या कुळात मात्र हिमोग्लोबिन असते. म्हणून काही वाण लालसर दिसतात. ती उभयलिंगी असून जेलीसारख्या पुंजक्यांत अंडी घालते. तिची संख्या टाकीत उरणाऱ्या अन्नावर ठरते: माशाला जास्त दाणे पडले की महिन्याभरात काच भरून जाते. लहान पिल्ले फायटर टिपून खातो, त्यामुळे काही टाक्यांत संख्या आपोआप आटोक्यात राहते. वाळूत पुरून राहणारी, मळसूत्रासारख्या लांब शंखाची ट्रम्पेट स्नेल (मेलानॉइड्स ट्यूबरक्युलाटा) दिवसा दिसत नाही, त्यामुळे माशाच्या तावडीत सापडत नाही. तिची मादी नराशिवायही थेट पिल्ले देते, तेव्हा एक आली की पुढे पुष्कळ होतात. ती वाळू वर-खाली करत राहते हा तिचा उपयोग. नेहमी लपून राहणाऱ्या या गोगलगायी दिवसाउजेडी घोळक्याने काचेवर चढल्या तर पाण्यातला प्राणवायू कमी झाला आहे का, हे आधी तपासावे. इतर गोगलगायी खाणारी असॅसिन स्नेल फक्त संख्या आवरण्यासाठी आणली जाते. नेराइट किंवा मिस्ट्री असलेल्या टाकीत ती सोडणे त्यांच्या जिवावर बेतते.

तळ्या-ओढ्यातून गोगलगाय पकडून आणण्याचा मोह टाळावा. प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमामुळे परिचित असलेली पायला ही मोठी गोगलगाय झाडे खाऊन टाकते आणि छोट्या टाकीत मावत नाही. भारतभर साचलेल्या पाण्यात आढळणारी इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही रॅम्सहॉर्नसारखी दिसते, पण गुराढोरांना होणाऱ्या शिस्टोसोमा कृमींची ती मधली यजमान आहे. या कृमींच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरल्या की खाज आणि पुरळ उठते. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी माणसांतील शिस्टोसोमा रोगाचे केंद्र असल्याचे १९५२ मध्ये नोंदवले गेले आणि तिथेही संशय गोड्या पाण्यातील एका चिमुकल्या गोगलगायीवरच गेला होता.

विकत घेताना चालती-फिरती, काचेला घट्ट चिकटलेली गोगलगाय घ्यावी. शंखाला खड्डे, भेगा किंवा टोकाशी पांढरी झीज नसावी. नेराइट आणि मिस्ट्री यांच्या पायावर कडक झाकणी असते. बोट लागताच ती पटकन मिटली तर प्राणी तरतरीत आहे. दुकानाच्या टाकीत एखादी मेलेली गोगलगाय तशीच पडून असेल, तर तिथून काहीच घेऊ नये.

सांभाळण्यातली खरी अडचण पाण्याची आहे. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लधर्मी पाण्यात तो हळूहळू विरघळतो. उलट फायटरसाठी किंचित आम्लधर्मी, मृदू पाणी चांगले, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यासाठी देशी बदामाची वाळलेली पाने टाकीत सोडतात. दोघांना सोसेल असा मधला मार्ग आहे. सामू ७.० ते ७.८, एकूण काठिण्य ८ ते १२ जर्मन अंश, म्हणजे सुमारे १४० ते २१५ पीपीएम, आणि कार्बोनेट काठिण्य निदान ४ अंश. टाकीत पैदास झालेला फायटर यात मजेत राहतो. कार्बोनेट काठिण्य पुरेसे असेल तर बदामाच्या एखाद्या पानाने सामू फारसा उतरत नाही. मृदू पाण्यात मात्र तेच पान शंखाला महागात पडते. पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या धरणांचे नळाचे पाणी बहुधा मृदू असते, तर बोअरचे जड. आरओ यंत्रातून आलेल्या पाण्यात खनिजे जवळपास उरतच नाहीत. ते एकटे वापरू नये.

कॅल्शियमची भर घालायला समुद्रफेस सर्वांत सोपा. काष्ठौषधींच्या किंवा पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात तो मिळतो आणि त्याचा लहान तुकडा पाण्यात सावकाश विरघळतो. फिल्टरमध्ये जाळीच्या पुरचुंडीत शिंपल्यांचा धुतलेला चुरा ठेवला तरी चालते. खायचा चुना मात्र कधीही घालू नये. त्याने सामू एकदम चढतो आणि मासा व गोगलगाय दोन्ही दगावतात. शंखाची वाढ कडेला होते, म्हणून पाणी सुधारल्यावर नवा भाग गुळगुळीत येतो, पण टोकाशी झिजलेला जुना भाग भरून येत नाही.

तांबे गोगलगायीला विषासारखे आहे. तांब्याच्या हंड्यात किंवा कळशीत साठवलेले पाणी टाकीत घालू नये. फायटरच्या रोगांवरच्या अनेक औषधांत तांब्याचे क्षार असतात. फेनबेन्डाझोलसारखी कृमिनाशकेही नेराइटला मारतात आणि वाळूत बराच काळ रेंगाळतात. माशावर उपचार करायचे तर ते वेगळ्या भांड्यात करावेत, किंवा गोगलगाय आधी बाहेर काढावी. मिठाच्या उपचारालाही हीच काळजी लागू आहे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने मारूनच पाणी वापरावे.

टाकी आधी चार ते सहा आठवडे चालवून तिच्यात अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू वाढू द्यावेत. दोन्हींचे मोजमाप शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या आत असावे. आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदलले तर २० लिटरमध्ये हे साधते. तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस दोघांनाही मानवते; देशावरच्या हिवाळ्यात त्यासाठी हीटर लागतोच.

आणलेली गोगलगाय एकदम टाकीत सोडू नये. तासा-दीड तासात थेंबथेंब टाकीचे पाणी मिसळून तिला रुळवावे आणि शक्यतो काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून पाहावे. तिला आधी सोडून मासा नंतर आणला तर तो टाकीवर हक्क सांगण्यापूर्वी ती तिथलीच होऊन जाते. मासा आधीपासून असेल तर झाडे-दगड हलवून मांडणी बदलावी आणि त्याला खाऊ घातल्यावर, दिवा विझवून तिला सोडावे. पहिले चार-पाच दिवस लक्ष ठेवावे. ती सतत मिटून राहिली किंवा शृंगिका आखूड दिसल्या, तर दोघांना वेगळे करावे. नेराइट पाठीवर पडली तर सपाट वाळूत तिला उलटता येत नाही. हाताने सरळ करावी. पाण्याबाहेर चढून जाण्याची तिला सवय असते, म्हणून झाकणातल्या फटी बंद हव्यात, आणि तरीही झाकणाखाली चार-पाच सेंटिमीटर हवा राहायला हवी. ती माशालाही लागते.

मिस्ट्री आणि रॅम्सहॉर्न उकडून मऊ केलेली काकडी, दुधी, दोडका, पालक आवडीने खातात. तुकडा रात्री दिवा विझल्यावर द्यावा आणि सकाळी उरलेला काढून टाकावा. शेवाळाच्या वड्या फायटर चोरून खातो आणि त्याचे पोट फुगते, म्हणून त्या बेताने आणि अंधारातच द्याव्यात. मिस्ट्रीची मादी पाण्याच्या वर, झाकणालगत गुलाबी-पांढऱ्या अंड्यांचा पुंजका घालते; पिल्ले नको असतील तर तो खरवडून गोठवून टाकावा.

न हलणारी गोगलगाय मेलीच असे नाही. मिस्ट्री फुप्फुसात हवा भरून तरंगते आणि कधी कधी दोन-तीन दिवस मिटून पडते. बाहेर काढून वास घ्यावा. मेलेल्या गोगलगायीचा कुजका दर्प चुकत नाही आणि तिची झाकणी सैल होऊन मांस बाहेर लोंबते. अशी गोगलगाय लगेच काढून निम्मे पाणी बदलावे, कारण छोट्या टाकीत एका मृत गोगलगायीचा अमोनिया माशाला मारायला पुरतो.

वाढलेल्या गोगलगायी ओढ्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नयेत. मिस्ट्रीची चुलत बहीण पोमेशिया कॅनालिक्युलाटा खाण्यासाठी तैवानात नेली गेली, तिथून आशियाभर भातशेतीची कीड झाली आणि जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत पोचली. युरोपीय संघाने २०१२ मध्ये पोमेशिया या संपूर्ण प्रजातीसमूहावर बंदी घातली. नको असलेल्या गोगलगायी दुसऱ्या हौशी माणसाला द्याव्यात. टाकीतले पाणी आणि छाटलेली झाडेही उघड्या पाणवठ्यात टाकू नयेत, कारण त्यांच्यासोबत डोळ्यांना न दिसणारी अंडी बाहेर जातात.